गालावरील गाठ : निदान आणि शस्त्रक्रिया

शरीराच्या इतर भागांवर आलेली गाठ कपड्याआड झाकली जाते. गालावर आलेली गाठ झाकता येत नाही. आरशात ती रोज दिसते, आल्यागेल्याच्या नजरेत भरते आणि जो तो तिच्यावर आपापला उपाय सुचवितो. कोणी तिला गालगुंड म्हणतो, कोणी आवाळू म्हणतो, कोणी रक्त बिघडल्याचे लक्षण मानून काढा देतो. चुना व गूळ यांचा लेप, तापलेल्या सळईचा डाग, दाबून फोडण्याचा प्रयत्न, असे सारे प्रकार होतात. काही जण याच्या अगदी उलट वागतात. गाठ दुखत नाही, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे समजून ते ती वर्षानुवर्षे अंगावर काढतात. या दोन्ही मार्गांनी रुग्णाचे नुकसानच होते.

वस्तुतः गालावरील बहुतेक गाठी जिवावर बेतणाऱ्या नसतात. परंतु ज्या थोड्या गाठी धोक्याच्या असतात, त्या आरंभी निरुपद्रवी गाठींसारख्याच दिसतात. दुसरीकडे, निरुपद्रवी गाठसुद्धा पूर्वतपासणीवाचून कापली गेली, तर तोंड कायमचे वाकडे होण्याची भीती असते. म्हणून गालावरील गाठीच्या बाबतीत एक नियम सर्वांत महत्त्वाचा ठरतो : आधी निदान, मग शस्त्र. हा नियम कशासाठी आहे आणि तो पाळल्याने काय साधते, हे समजण्यासाठी प्रथम गालाची रचना पाहिली पाहिजे.

गालाची रचना

गाल वरवर पाहता मऊ मांसाचा एक पडदा वाटतो. प्रत्यक्षात त्यात अनेक थर आहेत. सर्वांत बाहेर त्वचा, तिच्याखाली चरबी, मग चेहऱ्यावर हावभाव उमटविणारे पातळ स्नायू, त्यांच्याखाली चरबीचा एक स्वतंत्र गोळा, मग गालाला आतून आधार देणारा सपाट स्नायू आणि सर्वांत आत तोंडाचे ओलसर अस्तर, असा हा क्रम आहे. गालाच्या मागील भागात, जबड्याच्या कोपऱ्यावर, चावण्याचा जाड स्नायू असतो. दात घट्ट आवळले की तो बोटाला टणक लागतो. यांपैकी कोणत्याही थरात गाठ उद्भवू शकते, आणि ती कोणत्या थरात आहे यावर तिचे स्वरूप व उपचार अवलंबून असतात.

याच भागात दोन अतिशय मोलाच्या रचना आहेत. पहिली म्हणजे लाळेची नळी. कानाच्या पुढे व पाळीच्या खाली लाळेची सर्वांत मोठी ग्रंथी असते. तिला अनुकर्ण ग्रंथी म्हणतात. तिच्यात तयार झालेली लाळ एका नळीने गालातून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उतरते. नील्स स्टेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६० साली ॲमस्टरडॅम येथे मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करीत असताना ही नळी पाहिली. वैद्यकात ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरी रचना म्हणजे चेहऱ्याचा मज्जातंतू. तो कवटीच्या तळाशी, कानामागील एका छिद्रातून बाहेर पडतो आणि लगेच अनुकर्ण ग्रंथीत शिरतो. तेथे त्याच्या पाच मुख्य शाखा होतात व त्या पंख्यासारख्या चेहऱ्यावर पसरतात. कपाळाला आठ्या घालणे, डोळा मिटणे, गाल फुगविणे, हसणे, ओठ हलविणे ही सर्व कामे या शाखांमुळे होतात. डोळा मिटविणारी शाखा निकामी झाली तर डोळा उघडा राहतो, कोरडा पडतो आणि बुबुळाला व्रण होऊन दृष्टी जाण्याचाही संभव असतो. खालच्या ओठाची शाखा तुटली तर बोलताना व हसताना ओठ एका बाजूला ओढला जातो. गालावर पाते टेकविण्यापूर्वी शल्यविशारद शंभरदा विचार करतो, तो या मज्जातंतूमुळे.

सर्व गाठी सारख्या नसतात

गालगुंड हा शब्द कानापुढील कोणत्याही सुजेला सर्रास लावला जातो. खरे गालगुंड हा विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. तो प्रायः मुलांना होतो. त्यात ताप येतो, कानाखाली सूज येते, बहुधा ती दोन्ही बाजूंना असते आणि आठदहा दिवसांत ओसरते. या रोगात शस्त्रक्रियेचे काहीच काम नाही. परंतु प्रौढ माणसाच्या एकाच गालावर, ताप नसताना, महिनोन्‌महिने राहिलेली गाठ ही गालगुंड नव्हे, एवढे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे.

त्वचेतील पिशवीसारखी गाठ ही नेहमी आढळणारी. ती त्वचेला चिकटलेली असते आणि तिच्या माथ्यावर पुष्कळदा काळसर ठिपका दिसतो. आत पांढरट, दुर्गंधीयुक्त द्रव्य साठते. ती दाबून फोडली तर द्रव्य बाहेर येते, पण पिशवी आतच राहते व गाठ पुन्हा भरते. चरबीची गाठ मऊ असते व बोटाखालून सरकते. मुलांच्या गालावर कधी कधी खड्यासारखी कठीण, त्वचेलगतची छोटी गाठ होते. ती केसाच्या मुळाशी संबंधित असते आणि लहानशा शस्त्रक्रियेने बरी होते.

काही गाठींचे मूळ गालात नसून दातात असते. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू होतो, तो हाडातून वाट काढतो आणि गालावर किंवा जबड्याच्या कडेला गळू येते. ते फुटते, थोडे भरते, पुन्हा वाहू लागते. असा रुग्ण महिनोन्‌महिने मलम लावीत राहतो. कोणी ते छिद्र कापून शिवतो, तरी ते पुन्हा वाहते. दाढेच्या मुळावर उपचार केला किंवा ती दाढ काढली की मात्र ते छिद्र बहुधा आपोआप बुजते. गालावर जुने वाहते छिद्र असेल तर प्रथम तोंड उघडून दात पाहावेत, हा धडा वैद्यकीय विद्यार्थ्यांना आवर्जून शिकविला जातो.

जेवायला बसताच गाल फुगणे, दुखणे आणि तास-दोन तासांत सूज उतरणे, ही लाळेच्या नळीत खडा किंवा अडथळा असल्याची खूण होय. आंबट पदार्थ तोंडात घेताच ही सूज अधिक जाणवते.

अर्भकांच्या गालावर रक्तवाहिन्यांची लालसर गाठ येते. ती पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते व पुढे काही वर्षांत हळूहळू ओसरते. पूर्वी मोठ्या गाठींसाठी कठीण उपचार करावे लागत. २००८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी, हृदयविकारासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाने अशा गाठी आक्रसतात, असे निदर्शनास आणले. तेव्हापासून अनेक बालकांची शस्त्रक्रिया टळली आहे. हे औषध मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते. प्रौढांमध्ये खाली वाकल्यावर फुगणारी व मऊ लागणारी गाठ ही रक्तवाहिन्यांची असू शकते. तिला परीक्षेवाचून छेद दिल्यास रक्तस्राव आवरणे अवघड जाते.

क्षयरोगाने अनुकर्ण ग्रंथीच्या आसपासच्या रसग्रंथी सुजतात. पट्टकृमीची अंडी दूषित पाणी किंवा न धुतलेल्या भाज्यांतून पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या स्नायूंत जाऊन बसतात, आणि गालाच्या स्नायूतही अशी गाठ होते. हा विकार शाकाहारी माणसालाही होऊ शकतो. या दोन्ही प्रकारांत बहुधा औषधांनी काम भागते. निदान झाले नसते तर रुग्ण अकारण शस्त्रक्रियेला सामोरा गेला असता.

लाळग्रंथीतील अर्बुदे

आता उरतो तो सर्वांत महत्त्वाचा गट, लाळग्रंथीतील अर्बुदांचा. लाळग्रंथींच्या सर्व अर्बुदांपैकी सुमारे ८० टक्के अनुकर्ण ग्रंथीत होतात, आणि तेथील सुमारे ८० टक्के साधी, म्हणजे कर्करोगाची नसणारी असतात. त्यांतही मिश्र अर्बुद सर्वाधिक आढळते. ते कानाच्या पाळीच्या पुढे किंवा खाली, बोराएवढे सुरू होते, दुखत नाही, बोटाखाली हलते आणि वर्षानुवर्षे कूर्मगतीने वाढत राहते. त्याच्या या शांतपणामुळेच ते फसवे ठरते. दीर्घकाळ तसेच ठेवलेल्या मिश्र अर्बुदाचे रूपांतर काही रुग्णांत कर्करोगात होते, आणि जसजशी वर्षे लोटतात तसतसा हा संभव वाढत जातो. दुसरे एक साधे अर्बुद वॉर्थिन या नावाने ओळखले जाते. ते मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या वयस्कांत दिसते व कधी दोन्ही बाजूंना होते.

काही व्यक्तींत मुख्य ग्रंथीपासून सुटा असा लाळग्रंथीचा एक छोटा तुकडा गालाच्या मध्यावर, नळीलगत असतो. त्यातही अर्बुद होते. गालाच्या मधोमध असलेली ही गाठ त्वचेची किंवा चरबीची समजून सरळ वरून कापली जाते आणि नळी व मज्जातंतू दोन्ही धोक्यात येतात. या तुकड्यातील अर्बुदांत कर्करोगाचे प्रमाण मुख्य ग्रंथीपेक्षा अधिक असते, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

गाठ धोक्याची आहे असे केव्हा समजावे? शांत असलेली गाठ एकाएकी वाढू लागली, सतत दुखू लागली, त्वचेला किंवा खालच्या भागाला जखडली, मानेत आणखी गाठी आल्या, अथवा त्या बाजूचा डोळा मिटेनासा झाला किंवा तोंड वाकडे होऊ लागले, तर एक दिवसही न दवडता तज्ज्ञाकडे जावे. साध्या अर्बुदामुळे चेहऱ्याचा मज्जातंतू सहसा लुळा पडत नाही.

निदानाची पद्धत

गाठीच्या निदानाला यंत्रांपूर्वी डॉक्टरांचे प्रश्न व बोटे उपयोगी पडतात. गाठ केव्हा दिसली, किती वाढली, जेवताना फुगते काय, दातदुखी होती काय, तंबाखू किंवा सुपारीची सवय आहे काय, हे विचारले जाते. मग हातमोजा घालून एक बोट तोंडात आणि दुसऱ्या हाताची बोटे बाहेरून गालावर ठेवून गाठ दोन्हींच्या मध्ये चाचपली जाते. त्यामुळे ती त्वचेत आहे, स्नायूत आहे की आतल्या अस्तरात आहे, याचा अंदाज येतो. दात आवळण्यास सांगितले असता गाठ अधिक टणक झाली तर तिचा संबंध चावण्याच्या स्नायूशी असू शकतो. ग्रंथी दाबून दाढेसमोरील छिद्रातून स्वच्छ लाळ येते की पू येतो, हे पाहिले जाते. शेवटी रुग्णाला कपाळाला आठ्या घालावयास, डोळे घट्ट मिटावयास, दात दाखवावयास व गाल फुगवावयास सांगून मज्जातंतूची परीक्षा करतात. ही तपासणी पाच मिनिटांची, बिनखर्चाची आणि अनिवार्य आहे.

यानंतर सोनोग्राफी केली जाते. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो, खर्च कमी येतो, आणि गाठ घन आहे की द्रवाने भरलेली, तिच्यात रक्तप्रवाह किती आहे, खडा किंवा अळी आहे काय, हे कळते. पुढची पायरी बारीक सुईची. इंजेक्शनच्या सुईहून जाड नसलेल्या सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून घेतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, हा समज जनमानसात खोलवर रुजलेला आहे. या बारीक सुईच्या परीक्षेने रोग पसरण्याची भीती व्यवहारतः नगण्य आहे. उलट, त्या भीतीने परीक्षा टाळून कालहरण केल्यास रोग खरोखरच पसरतो. पेशी अपुऱ्या मिळाल्या तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली थोड्या जाड सुईने ऊतकाचा तुकडा घेतात. गाठ खोल असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर एमआरआय, आणि हाडाचा संबंध असेल तर सीटी स्कॅन करतात.

अनुकर्ण ग्रंथीतील गाठीवर वरून चीर देऊन तुकडा काढणे मात्र टाळले जाते. त्यात अर्बुदाचे आवरण फुटून पेशी आसपास सांडतात, मज्जातंतूला इजा पोहोचू शकते आणि पुढील शस्त्रक्रिया अवघड होते. तोंडाच्या आतील व्रणाची गोष्ट वेगळी. तेथे व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, हीच निर्णायक परीक्षा होय.

शस्त्रक्रिया कशी होते

त्वचेतील पिशवी किंवा वरवरची चरबीची गाठ स्थानिक भूल देऊन काढता येते. चीर त्वचेच्या नैसर्गिक सुरकुतीच्या रेषेत दिली म्हणजे व्रण पुढे फारसा दिसत नाही. पिशवी संपूर्ण निघाली पाहिजे. तिचा अंश उरला तर गाठ पुन्हा येते. गाठ पिकलेली असेल तर प्रथम पू काढून, सूज उतरल्यावरच ती काढणे श्रेयस्कर असते.

अनुकर्ण ग्रंथीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. पूर्वी मज्जातंतूच्या भीतीने शल्यविशारद गाठीवर छोटी चीर देऊन, फळातून बी काढावी तशी, गाठ तेवढी उचलून काढीत. शस्त्रक्रिया सोपी होई, पण अनेक रुग्णांत काही वर्षांनी तीच गाठ, आणि तीही एक न राहता अनेक होऊन, परत येई. १९५८ साली पेटी व थॅकरे या ब्रिटिश संशोधकांनी काढलेल्या ग्रंथींच्या सूक्ष्म अभ्यासावरून याचे कारण स्पष्ट केले. मिश्र अर्बुदाचे आवरण सलग व भक्कम नसते. त्याचे बारीक कोंब आवरणाबाहेर आलेले असतात. गाठ सोलून काढताना हे कोंब मागे राहतात. म्हणून गाठीसोबत तिच्याभोवतीची निरोगी ग्रंथीही काढणे आवश्यक ठरले, आणि त्यासाठी मज्जातंतू टाळून नव्हे, तर तो शोधून काढून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी गाठ पुन्हा येण्याचे प्रमाण पुष्कळच खाली आले.

या शस्त्रक्रियेत रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते. चीर कानाच्या अगदी पुढून निघते, पाळीला वळसा घालते आणि मानेच्या घडीत उतरते. त्यामुळे गालाच्या दर्शनी भागावर व्रण राहत नाही. त्वचा अलगद बाजूला केल्यावर कानाच्या कूर्चेचे टोक, कानामागील हाड आणि तेथील स्नायू या ठरलेल्या खुणांच्या आधारे मज्जातंतूचे मूळ शोधले जाते. मग त्याची एकेक शाखा डोळ्यांसमोर ठेवून तिच्यावरील ग्रंथीचा भाग गाठीसह उचलला जातो. काम नाजूक असते व त्याला काही तास लागतात. आता मज्जातंतूच्या हालचालीची सूचना देणारे विद्युत उपकरणही अनेक ठिकाणी वापरतात. तथापि ते शल्यविशारदाच्या शारीरज्ञानाला पर्याय ठरत नाही. गाठ लहान व वरवरची असेल तर संपूर्ण बाह्य भाग न काढता, गाठीभोवती निरोगी ऊतकाची पुरेशी कड राखूनही ती काढता येते. गालाच्या मध्यावरील गाठही बहुधा कानापुढील याच चिरेतून किंवा तोंडातून काढली जाते.

शस्त्रक्रियेनंतर साचलेले रक्त व द्रव निघून जाण्यासाठी एकदोन दिवस नळी ठेवतात. कानाची पाळी काही काळ बधिर राहते. मज्जातंतू अखंड असूनही हाताळणीमुळे काही रुग्णांचा ओठ किंवा पापणी काही आठवडे ते महिने अशक्त राहते. ती हळूहळू पूर्ववत होते. तेवढ्या काळात डोळ्यात थेंब घालणे व झोपताना तो झाकणे आवश्यक असते. साध्या गाठीनंतर कायमचा लुळेपणा, अनुभवी हातांत, क्वचितच येतो. काही जणांना महिन्यांनंतर जेवताना त्या गालावर घाम येऊ लागतो. लाळेकडे जाणारे सूक्ष्म तंतू चुकून घामाच्या ग्रंथींशी जोडले गेल्याने असे होते. लुच्या फ्राय या पोलिश महिला डॉक्टरने १९२३ साली त्याचे शास्त्रीय विवेचन केले. त्रास अधिक असेल तर त्यावर इंजेक्शनचा उपाय आहे. या सर्व गोष्टी रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगितल्या गेल्या पाहिजेत, आणि रुग्णानेही त्या मोकळेपणाने विचारून घेतल्या पाहिजेत.

गाठ कर्करोगाची निघाली तर ग्रंथीचा अधिक भाग, प्रसंगी मानेतील रसग्रंथीही काढाव्या लागतात व आवश्यकतेनुसार किरणोपचार द्यावे लागतात. मज्जातंतू रोगाने ग्रासलेला नसेल तर तो राखला जातो. कापावाच लागला तर शरीराच्या दुसऱ्या भागातील तंतू आणून जोडता येतो.

गालाच्या आतील गाठ

भारतात, आणि विशेषतः तंबाखू-सुपारीची सवय असलेल्या भागांत, गालाच्या आतील अस्तराकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. आतील प्रत्येक गाठ वाईट नसते. दातांखाली वारंवार सापडून गालाच्या आत गुळगुळीत, गुलाबी मांसाचा मणी तयार होतो; लाळेची सूक्ष्म नळी तुटून निळसर पाण्याचा फोड येतो. या दोन्ही गोष्टी छोट्या शस्त्रक्रियेने बऱ्या होतात. परंतु गालात तंबाखूचा बार धरणे, मिशरी लावणे, गुटखा व सुपारी चघळणे यांमुळे ज्या ठिकाणी हे पदार्थ रोज टेकतात, त्याच ठिकाणी कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगजनक ठरविले. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. जगातील अशा रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक एकट्या भारतातील होते.

हा रोग अचानक येत नाही. आधी गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसतो, तिखट सोसत नाही, गाल आतून ताठर होतो आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालता येत नसतील तर तपासणी अवश्य करून घ्यावी. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, कडा उचललेली कठीण गाठ, विनाकारण हलू लागलेला दात ही त्यापुढची लक्षणे होत. आरंभी वेदना नसतात, आणि म्हणूनच अनेकांना उशीर होतो.

लवकर सापडलेला गालाचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. रोगाभोवती निरोगी ऊतकाची कड राखून तो भाग काढला जातो. मानेत गाठ हाताला लागत नसली तरी तेथील रसग्रंथी त्याच वेळी काढाव्यात काय, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने त्याचे उत्तर शोधले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, आरंभीच्या अवस्थेतील ५०० रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, ज्यांच्या मानेतील ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. ज्यांच्या बाबतीत गाठ दिसेपर्यंत थांबले, त्यांच्यात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. परळच्या रुग्णालयात झालेल्या या कार्याने जगभरच्या उपचारांना दिशा दिली.

मोठा भाग काढावा लागला तरी आज चेहरा उघडा राहत नाही. रक्तपुरवठा कायम ठेवून एका जागेची त्वचा दुसरीकडे वळविण्याची कला भारताला जुनीच आहे. पुण्यात कपाळाच्या त्वचेने नवे नाक घडविल्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापले गेले आणि त्याने पाश्चात्त्य शल्यविशारदांचे लक्ष वेधले. त्याच तत्त्वावर १९७९ पासून छातीचा स्नायू त्वचेसह गालापर्यंत आणता येऊ लागला. १९८१ साली चिनी शल्यविशारदांनी हाताच्या पुढील भागाची पातळ त्वचा रक्तवाहिन्यांसह सुटी करून दुसऱ्या जागी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गालाच्या मऊ अस्तरासाठी ती विशेष उपयुक्त ठरली आहे.

काय करावे

गालावर किंवा गालाच्या आत गाठ आढळल्यास ती दाबू, फोडू किंवा डागू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावी. पुढील तपासणीसाठी जिल्हा रुग्णालये, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, तसेच मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळी येथील वैद्यकीय व दंत महाविद्यालयांत ही सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा समावेश असल्याने खर्चाच्या धास्तीने उपचार लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी वाटली तरी, सूक्ष्मदर्शकीय तपासणीला पाठविली गेली पाहिजे, आणि तिचा अहवाल रुग्णाने जपून ठेवला पाहिजे.

तंबाखू व सुपारी सोडणे हा यातील सर्वांत स्वस्त उपचार आहे. गोवा राज्याने २००५ साली आणि महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. सवय सुटण्यासाठी घरातून आधार मिळावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांची मिशरी आणि तरुणांची पुडी यांविषयी संकोच न बाळगता बोलले गेले पाहिजे. महिन्यातून एकदा आरशासमोर, चांगल्या उजेडात, दोन्ही गाल आतून-बाहेरून पाहण्याची सवय प्रत्येक तंबाखूसेवकाने लावून घ्यावी.

गाठ बोराएवढी असताना दाखविली तर बहुतेक वेळा एका छोट्या चिरेवर भागते. नारळाएवढी होईपर्यंत ठेवली तर तीच शस्त्रक्रिया चेहऱ्याची व जिवाची परीक्षा ठरते. या दोन टोकांमधील अंतर केवळ वेळेचे असते, आणि ती वेळ साधणे रुग्णाच्या व त्याच्या आप्तेष्टांच्याच हाती असते.